सिद्धगडचा तास

आपल्या बॅचमधल्या काहींना आठवत असेल, नववीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. विषय होता 'हुतात्मा भाई कोतवाल'. भाषण मी आठ दिवस घोकलं होतं. त्यात धगधगतं यज्ञकुंड होतं, गुलामीच्या शृंखला होत्या, 'अवघी मुंबई थांबली' असं एक वाक्य होतं आणि शेवटी मूठ आवळून घोषणा होती. टाळ्या भरपूर पडल्या. बक्षीस म्हणून मिळालेला स्टीलचा डबा आईने कितीतरी वर्षं पोह्यांसाठी वापरला.

कार्यक्रम संपल्यावर इतिहासाचे सर व्हरांड्यात भेटले. म्हणाले, "छान बोललीस. पण तुझ्या भाषणात भाई दुसऱ्याच वाक्यात मेले. त्याआधी ते करत काय होते?" मला उत्तर आलं नाही. सर हसून निघून गेले. पुढे दहावी, डिप्लोमा, इंजिनीअरिंग, नोकरी या धबडग्यात तो प्रश्न तसाच राहिला.

गेल्या वर्षी मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. दर शनिवारी एका माजी विद्यार्थ्याने नववीचा एक तास घ्यायचा, असं शाळेनं ठरवलं होतं. मी सॉफ्टवेअरमधली, त्यामुळे मी कॉम्प्युटरवर बोलेन असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी म्हटलं, "मी सिद्धगड घेते." बाई क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "घ्या. पण भाषण नको हं." बाईंनाही स्पर्धा आठवत असावी!

तास एकाचा दोन झाला, दोनाचे तीन झाले. त्या तीन तासांत मी जे शिकवलं आणि त्याहून जास्त जे शिकले, ते इथे लिहिते आहे.

पहिल्या शनिवारी फळ्यावर दोन तारखा लिहिल्या. ९ ऑगस्ट १९४२ आणि २ जानेवारी १९४३. पहिली सगळ्यांना माहीत होती. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि ९ ला पहाटेच गांधीजींसह सगळे मोठे नेते पकडले गेले. दुसरी तारीख दोघा-तिघांनाच माहीत होती. त्या दिवशी पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी आझाद दस्त्याला गाठलं. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मुलांना म्हटलं, दोन तारखांमधले दिवस मोजा. १४६ आले. चकमक एका पहाटेत संपली. मग उरलेल्या १४५ दिवसांत काय झालं? सरांचाच प्रश्न मी जरा गणित घालून विचारला होता.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानचा. घर नाभिक समाजातलं, परिस्थिती बेताची. शिक्षण पुण्याला आणि मुंबईला, शेवटी वकिलीची पदवी. माथेरानच्या नगरपालिकेत ते निवडून आले, उपाध्यक्ष झाले. डोंगराखालच्या गावांत त्यांनी शाळा चालवल्या आणि धान्याची पेढी काढली. पेढी म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. पावसाळ्यात घरातलं भात संपलं की शेतकरी सावकाराकडे जायचा. एक मण घेतलं की सुगीला दीड मण परत करायचं. पेढीतून धान्य मिळालं की हा फास सैल व्हायचा.

वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, हे लढाईत येतं का?" मला वाटतं येतं, आणि सगळ्यात आधी येतं. पोलीस मागावर असताना डोंगरात राहायचं तर बंदूक पुरत नाही. भाकरी लागते, पाण्याची जागा माहीत असलेला माणूस लागतो आणि विचारलं तरी तोंड न उघडणारी वाडी लागते. हे सगळं ऑगस्टमध्ये हाक मारली आणि सप्टेंबरमध्ये मिळालं, असं होत नाही. त्यासाठी आधीच्या पावसाळ्यांत कुणाच्या तरी कणगीत धान्य पडलेलं असावं लागतं. माझ्या भाषणात यज्ञकुंड होतं, कणगी नव्हती.

दुसऱ्या शनिवारी मी माझ्या विषयाकडे वळले, म्हणजे विजेकडे. मुंबईच्या गिरण्या तेव्हा टाटांच्या जलविद्युतवर चालत. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. घाटावर मावळात पाणी अडवायचं, नळांतून घाटाखाली सोडायचं, त्यावर चाकं फिरवायची आणि तयार झालेली वीज लोखंडी मनोऱ्यांवरून थेट मुंबईला न्यायची. ही तार कर्जतच्या रानातून, शेतांतून जायची. ज्यांच्या डोक्यावरून जायची, त्यांच्या घरात मात्र रॉकेलची चिमणी.

महायुद्धाचे दिवस होते. गिरण्यांत लष्करासाठी कापड निघत होतं, बंदरातून युद्धाचं सामान जात होतं. मुंबईतल्या कारखान्यांवर हल्ला करणं मूठभर माणसांना शक्यच नव्हतं. पण कारखान्यांची नाडी त्यांच्या गावावरून जात होती. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात आझाद दस्त्याने एकामागून एक मनोरे पाडले. वर्गात मी दिवाळीची एक जुनी माळ नेली होती. मधला एक दिवा काढला आणि सगळी माळ विझली. मनोऱ्यांचं अगदी तसंच नसतं, पण तारेला मधला एक मनोरा चुकवून पुढे जाता येत नाही, एवढं मुलांना कळलं. आमच्या धंद्यात मोठी यंत्रणा बांधताना पहिला प्रश्न हाच असतो, की कोणती एक गोष्ट बंद पडली तर सगळं बंद पडेल? डोंगराखालच्या एका तरुण वकिलाने तो प्रश्न इंग्रजांच्या यंत्रणेला विचारला होता.

इथेच मला माझं जुनं वाक्य खोडावं लागलं. 'अवघी मुंबई थांबली' असं मी बोलले होते. पण आपल्या बाजूच्या, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेचं स्वतःचं, कोळशावरचं वीजघर ठाकुर्लीजवळ चोळे इथे होतं. आपण कॉलेजला जाताना ज्याच्या चिमण्या बघायचो तेच. मग मनोरा पडला म्हणून एका रात्रीत अवघी मुंबई थांबली, असं कसं म्हणणार? झालं ते नुकसानही सरकारला झोंबण्याएवढं होतंच. नाहीतर भाईंना पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलं नसतं. ते फुगवून सांगायची गरज नव्हती. मुलांना मी म्हटलं, खोडा. मुलांना बाईंचं वाक्य खोडायला मिळालं की केवढा आनंद होतो!

मग एक हात वर झाला. "मॅडम, गिरणी बंद पडली तर कामगारांचा रोज बुडला ना? ते तर आपलेच होते."

दुसरा हात. "आणि गांधीजींना हे चाललं असतं का?"

दुसऱ्याचं उत्तर मला देता आलं. १९४२ च्या त्या महिन्यांत हा वाद भूमिगतांमध्येच चालू होता. माणसाला इजा न करता तार तोडणं ही हिंसा नव्हे, असं एक मत होतं. अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफअली यांच्यासारखे नेते भूमिगत राहून काम करत होते, उषा मेहता आणि त्यांचे सोबती मुंबईतून गुप्त रेडिओ चालवत होते. गांधीजी मे १९४४ मध्ये सुटले तेव्हा त्यांनी लपून राहण्याचा मार्ग आपल्याला पसंत नसल्याचं सांगितलं आणि भूमिगतांना उघडपणे हजर व्हा असा सल्ला दिला. तोवर भाईंना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. पुस्तकात ही माणसं एकाच पानावर शेजारी-शेजारी असतात, म्हणून सगळ्यांचं सगळं पटत होतं असं मुलांना वाटतं. तसं नव्हतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती बोलत नाही असं बाईंनी नंतर सांगितलं. ती म्हणाली, "माझे बाबा वायरमन आहेत. वादळात पोल पडला की ते रात्रभर बाहेर असतात. एकदा हाताला लागलं होतं. तेव्हाचे टॉवर पडल्यावर परत कोणी उभे केले?"

वर्ग शांत झाला आणि मीही. इतकी वर्षं मी मनोरा पाडणाऱ्याकडे बघत होते. तो मनोरा दुसऱ्या दिवशी उभा करायला रानात गेलेल्या माणसाचा विचार मी, एक इंजिनीअर, एकदाही केला नव्हता. तोही कुठल्यातरी आपल्याच गावचा होता, रोजावरचा होता. सिद्धगडावर पोलिसांचा प्रमुख हॉल नावाचा इंग्रज अधिकारी होता, पण त्याच्या हाताखालचे शिपाई काही विलायतेहून आले नव्हते. भाई जंगलात कुठे आहेत ही खबर पोहोचली तीही कुणाच्या तरी तोंडूनच. शत्रू समुद्रापलीकडचा होता, पण लढाईच्या दोन्ही बाजूंना घाम गाळणारी माणसं बहुतेक इथलीच होती. गुलामी म्हणजे काय, हे मला 'शृंखला' या शब्दापेक्षा त्या मुलीच्या प्रश्नाने जास्त कळलं.

मी तिला म्हटलं, "याचं उत्तर पुस्तकात नाही. आपण लिहून बघू." अर्ध्या वर्गाने दस्त्यातला माणूस होऊन लिहिलं, अर्ध्या वर्गाने मनोरा उभारणारा किंवा परळचा गिरणी कामगार होऊन. तिने लिहिलेलं बाईंनी जपून ठेवलं आहे. त्यातला कामगार मनोरा पुन्हा उभा करतो, कारण घरी पोरं आहेत. पण संध्याकाळी वाडीवरून जाताना उरलेली भाकरी दगडावर ठेवून जातो आणि मागे वळून बघत नाही. असं घडल्याचा पुरावा तिच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. तिनेच वहीत वर लिहिलं होतं, 'काल्पनिक'. माझ्या भाषणावर तो शब्द कुणीतरी लिहायला हवा होता.

तिसरा तास आम्ही सिद्धगडच्या पायथ्याशी घेतला. खडवलीहून टिटवाळा, गोवेली, मुरबाड, म्हसा करत गाडी नारिवलीला पोचली. म्हशाच्या यात्रेला घरच्यांबरोबर आलेली मुलं होती, पण तिथून पुढे कुणी गेलेलं नव्हतं. स्मारकापाशी हिराजी पाटलांबद्दल बोललो. ते कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे. वडील गोमाजी पाटीलही आझाद दस्त्यात होते. बाप-लेक एकाच लढ्यात आणि त्यातला मुलगा परत आला नाही. माझ्या भाषणात हिराजींना 'व त्यांचे एक सहकारी' एवढीच जागा मिळाली होती. नाव घेतलं नव्हतं, कारण यमक जुळत नव्हतं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

भाईंचं वय मुलांनी तिथेच काढलं. तीस वर्षं, एक महिना, एक दिवस. एकाने विचारलं, "म्हणजे ते हरले ना?" त्या पहाटे हरले, असंच मी सांगितलं. त्या भागातला लढा तिथे मोडला. स्वातंत्र्य यायला अजून साडेचार वर्षं होती. आपण पुस्तकात प्लासी, पानिपत, खडकी अशा लढाया शिकतो. कारणं, घटना, परिणाम, आणि अमुक दिवशी निकाल. स्वातंत्र्यलढ्याचा निकाल असा एका मैदानावर लागला नाही. चिमूर, आष्टी, नंदुरबार, महाड, सिद्धगड अशा ठिकठिकाणी तो लढला गेला आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी त्या दिवसापुरती हारच झाली. निर्णायक काही असेल तर ते त्याआधीचं होतं. आपल्या डोक्यावरून जाणारी तार कुणाची आणि कुणासाठी, हा प्रश्न डोंगराखालच्या माणसांना पडला. एकदा पडलेला प्रश्न हॉलच्या गोळीने मिटणारा नव्हता.

परत येताना गाडीत मुलं अंताक्षरी खेळली, दोघांना उलट्या झाल्या, एकाची बाटली नारिवलीला राहिली. सहल म्हटली की हे आलंच.

या स्मरणिकेच्या निमित्ताने बॅचपुढे एक सूचना ठेवते. स्नेहसंमेलनाच्या खर्चातून जे उरेल, त्यात थोडी भर घालून दरवर्षी नववीच्या वर्गाला सिद्धगडला नेऊ. गाडीचं भाडं आपण वाटून घेऊ. तास कुणीही घ्या, फक्त भाषण नको.

आणि सर, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षं उशिरा देते. त्याआधी भाई धान्य वाटत होते, शाळा चालवत होते आणि तार कुठून कुठे जाते ते बघत होते. उत्तर अजून अपुरं आहे. मनोरा परत कोणी उभा केला, ते बाकी आहे.