कॉलेज सुटतं, पण ओढ का सुटत नाही? चाळीसगावजवळच्या ८०० वर्षं जुन्या शिलालेखात सापडतो धागा

फी भरली, परीक्षा दिली, डिग्री मिळाली. व्यवहार म्हणून पाहिलं तर विद्यार्थी आणि कॉलेजचा हिशोब इथेच संपतो. तरीही वीस-पंचवीस वर्षांनंतर लोक ‘आपलं कॉलेज’ असंच म्हणतात, गेट-टुगेदरसाठी रजा काढतात आणि वेळ आली तर खिशातून पैसेही देतात. हे नेमकं कशामुळे होतं?

पाटणचा मठ

चाळीसगाव तालुक्यात गौताळ्याच्या डोंगराला लागून पाटण आहे. पाटणादेवीचं मंदिर म्हणून ही जागा सगळ्यांना माहीत असते. तिथला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९व्या शतकात अभ्यासकांसमोर आणला.

हा लेख साधारण इ.स. १२०७ चा आहे. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने पाटणला एक मठ, म्हणजे त्या काळचं विद्यालय सुरू केलं. चांगदेव हा ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिणाऱ्या गणिती भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत, हाच मठाचा उद्देश होता.

मठ चालवायला पैसा लागणार होता. तो स्थानिक निकुंभ राजाच्या दानातून आला. बाजारातल्या मालावरच्या करातला वाटा मठाला दिला गेला. तेलाच्या घाण्यामागे एक पळी तेल द्यायचं, असंही लेखाच्या शेवटच्या जुन्या मराठी भागात आहे.

चांगदेव त्या मठाचा माजी विद्यार्थी नव्हता. पण ज्यांच्याकडून विद्या आली त्यांचं ऋण पुढच्या पिढीला शिकवून फेडायचं, ही भावना आजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मदतीमागेही दिसते.

संशोधन काय सांगतं?

फ्रेड मेल आणि ब्लेक अ‍ॅशफोर्थ या अभ्यासकांनी १९९२ मध्ये एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजचं यश ज्यांना स्वतःचं यश वाटतं, ते देणगी देण्यात आणि मुलांनाही तिथेच शिकण्याचा सल्ला देण्यात पुढे असतात, असं त्यात दिसलं. कॉलेजचं वेगळेपण, नाव आणि तिथे मिळालेलं समाधान या गोष्टींशी हे नातं जोडलेलं होतं.

म्हणजे कॉलेज हा ओळखीचाच भाग होतो. कॉलेजवर कुणी टीका केली की ती स्वतःला लागते, ती यामुळेच.

मोठ्या देणग्या, जुनं ऋण

नंदन निलेकणी यांनी १९७३ मध्ये आयआयटी मुंबईत प्रवेश घेतला. त्याला ५० वर्षं झाली तेव्हा, २०२३ मध्ये त्यांनी संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. मुकेश अंबानी यांनी २०२५ मध्ये मुंबईच्या आयसीटीला १५१ कोटी जाहीर केले. ही आपल्या प्राध्यापक एम. एम. शर्मा यांना गुरुदक्षिणा असल्याचं त्यांनी सांगितलं. इमारतीपेक्षा शिकवणारा माणूस जास्त लक्षात राहतो, हे इथे स्पष्ट दिसतं.

मग चाळीसगावसारख्या ठिकाणी काय?

ऋण इथेही कमी नसतं. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलासाठी फॉर्म भरून देणारे सर किंवा फीसाठी थांबायला तयार झालेलं ऑफिस ही आयुष्यभराची आठवण असते.

अडचण वेगळी आहे. शिकलेली मुलं पुणे, मुंबई, नाशिक, सुरतला जातात. नंबर बदलतात आणि संपर्क तुटतो. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग पाहिला जात आल्यामुळे अनेक कॉलेजांत संघ स्थापन झाले. पण वर्षातून एक मेळावा आणि एक फोटो एवढ्यावर काम थांबलं, तर ज्यांना मदत करायची आहे त्यांच्यापर्यंत कॉलेज पोहोचतच नाही. त्याचा फटका आज वर्गात बसलेल्या मुलांना बसतो.

मदत कोटींचीच हवी असं नाही. एका विद्यार्थ्याची परीक्षा फी, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, मुलाखतीची तयारी करून घेणारा एक रविवार किंवा कंपनीत जागा निघाल्याचा एक मेसेजही पुरतो.

पैसे देणार असाल तर ते संस्थेच्या किंवा नोंदणीकृत संघाच्या खात्यावरच द्या आणि पावती घ्या. संस्थेकडे ८०जी नोंदणी असेल आणि तुम्ही जुनी कररचना निवडली असेल, तर वजावट मिळू शकते.

आणि कॉलेजांनी? टीसी देतानाच विद्यार्थ्याचा नंबर आणि ईमेल नीट नोंदवून ठेवावा. दरवर्षी एकदा तरी, देणगी न मागता, कॉलेजात काय चाललंय ते कळवावं.