सल्ला : उद्योजकाचे पहिले भांडवल

मराठी माणूस धंद्यात पडत नाही, हे वाक्य आपण इतक्या वेळा उच्चारले आहे की त्याची शहानिशा करण्याची गरजही आपल्याला वाटेनाशी झाली आहे. आम्ही स्वतः केंद्र सरकारच्या चाकरीत केस पांढरे केले; तेव्हा या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार आमचा नव्हे. तथापि बेंगळूरच्या उद्योगेतिहासावरून एक गोष्ट ध्यानी येते. नवख्याचे घोडे पेंड खाते ते केवळ पैशापाशी नव्हे, तर विचारावे कोणाला, या प्रश्नापाशी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर घडविले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलरोड स्थानकानजीकची माळजमीन व कर्ज दिले, म्हणून १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. परंतु असा गुणग्राहक राजा प्रत्येकाच्या वाट्यास कोठून येणार?

व्यक्तीच्या स्नेहावर अवलंबून असलेले हे साहाय्य संस्थेच्या रूपाने सर्वांना उपलब्ध करून देण्याचा प्रयत्न म्हैसूर संस्थानाने केला. त्यामागे पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले आणि मुंबई इलाख्यात सेवा केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. १९११ साली आर्थिक परिषद भरली. १९१२ मध्ये ते दिवाण झाले. १९१३ मध्ये उद्योग व व्यापार खाते आणि म्हैसूर बँक, तर १९१६ मध्ये चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले. याच संस्थानात किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहरला यंत्रनिर्मितीचा कारखाना काढला आणि १९४६ साली बेंगळुरात विजेच्या मोटारींच्या उद्योगाची स्थापना केली.

स्वातंत्र्यानंतर फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञमंडळाच्या शिफारशींवरून १९५४ मध्ये केंद्राने लघुउद्योगांसाठी स्वतंत्र विकास आयुक्त नेमला. १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ आले आणि त्याने हप्त्यांवर यंत्रे देण्यास आरंभ केला. ठिकठिकाणी लघुउद्योग सेवा संस्था निघाल्या. बेंगळूरची संस्था राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत. आज तिचे नाव बदलले आहे, काम तेच आहे. कोणते यंत्र घ्यावे, कच्चा माल कोठून आणावा, प्रकल्प अहवाल कसा मांडावा, हे तेथील अधिकारी सांगत. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे आली. लघुउद्योजकांची ‘कासिया’ १९४९ पासून, तर स्त्री-उद्योजकांची ‘अवेक’ १९८३ पासून येथे कार्यरत आहे.

हे सारे सांगण्याचे कारण असे. हिंदुस्थान मशीन टूल्स, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज अशा कारखान्यांच्या आश्रयाने आपल्यापैकी कित्येक कुटुंबे येथे रुजली. पुढे स्वेच्छानिवृत्तीचे पर्व आले. एकरकमी पैसा हाती पडला, कसब तर बोटांत होतेच. पण हिशेब, गिऱ्हाईक आणि उधारी यांविषयी चार शब्द विचारण्याचा संकोच काहींना भोवला. आयुष्याची पुंजी यंत्रात घातली आणि यंत्र चालवायला खेळते भांडवल उरले नाही. एखाद्या जाणकाराने पहिल्याच भेटीत विचारला असता असा हा प्रश्न!

सरकारी कचेरीची पायरी चढण्याची आपल्याला भीती वाटते. त्या भीतीचा लाभ मध्यस्थ उठवितो. १ जुलै २०२० पासून सुरू झालेल्या ‘उद्यम’ नोंदणीस छदामही लागत नाही, तरी तिच्यासाठी पैसे मोजणारे आहेतच. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योजकाच्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक केले, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने एवढे करावे : महिन्यातील एका रविवारी मंडळाच्या सभागृहात आपले निवृत्त अभियंते, हिशेबनीस आणि बँक अधिकारी यांनी दोन तास बसावे आणि येईल त्याला विनामूल्य सल्ला द्यावा. नाटकाच्या तालमीस जागा देणाऱ्या मंडळास हे जड नाही. औंधकरांनी एका कारखानदारास आधार दिला. आपण सर्व मिळून निदान एखाद्या होतकरू तरुणास योग्य दार दाखवू शकू.