'इज' की 'आर'?

क्रिकेटचा इंग्लिश स्कोअर वाचताना एक गोष्ट कधी खटकली आहे का? "इंडिया आर १२० फॉर ३". शाळेत तर आपल्याकडून घोकवून घेतलेलं असतं की कर्ता एकवचनी असेल तर 'इज', अनेकवचनी असेल तर 'आर'. मग एकटी इंडिया 'आर' कशी? तर ब्रिटिश इंग्लिशमध्ये टीम म्हणजे अकरा माणसं असं मनात धरून क्रियापद लावायची पद्धत आहे. अमेरिकन माणूस इथे बिनदिक्कत 'इज' म्हणेल. म्हणजे क्रियापद नुसत्या शब्दाकडे बघत नाही, बोलणाऱ्याच्या मनात एक आहे की अनेक, तेही बघतं.

आता याच्या बरोबर उलटा मामला. 'युनायटेड स्टेट्स'. शेवटी ढळढळीत अनेकवचनाचा 'स', तरी आज सगळे 'युनायटेड स्टेट्स इज' असंच लिहितात. पूर्वी तसं नव्हतं. आणि ते कधी बदललं याची एक फार झकास गोष्ट सांगतात: १८६१ साली यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा लोक 'आर' म्हणायचे, १८६५ मध्ये ते संपलं आणि लोक 'इज' म्हणायला लागले. युद्धाने अनेकाचं एक केलं! केन बर्न्सच्या १९९० सालच्या गाजलेल्या डॉक्युमेंटरीत लेखक शेल्बी फूट हेच सांगतात. ही गोष्ट जुनी आहे. १८८७ मध्येच वॉशिंग्टन पोस्टने छापलं होतं की व्याकरणाचा हा प्रश्न व्याकरणकारांनी नाही, तर शेरिडन, शर्मन आणि ग्रँट या सेनापतींनी सोडवला.

ऐकायला छान आहे. पण इतकी गुळगुळीत गोष्ट दिसली की जरा लॉग तपासून बघावेत. तेच करू.

सुरुवात १७७६ पासून. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मथळ्यात 'युनायटेड'चा 'यू' चक्क लहान लिपीतला आहे. तेरा राज्यं, एकत्र आलेली. ते विशेषण होतं, अजून विशेषनाम झालं नव्हतं. मग १७८७ ची राज्यघटना. इथे एक गंमत आहे. इंग्लिशमध्ये कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलतं ते फारच थोड्या जागी: वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाला लागणारा 'एस', आणि 'टू बी'ची रूपं. बाकी 'शॅल', 'विल', 'वेंट' सगळ्यांना सारखंच. आणि घटनेत तर जिथे तिथे 'शॅल'! त्यामुळे क्रियापदावरून बहुतेक ठिकाणी काही कळतच नाही, सर्वनामं शोधावी लागतात. ती देशद्रोहाच्या कलमात सापडतात. युनायटेड स्टेट्सविरुद्ध युद्ध, म्हणजे 'देम'विरुद्ध, आणि शत्रू कोणाचे, तर 'देअर'. स्वच्छ अनेकवचन.

यावरून कोणी म्हणेल की बघा, तेव्हा त्यांना आपण एक देश आहोत असं वाटतच नव्हतं. थांबा. १८२१ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी कोहेन्स विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात लिहिलं की बहुतेक महत्त्वाच्या बाबतीत युनायटेड स्टेट्स मिळून एकच राष्ट्र होतं. आणि त्या वाक्यातलं क्रियापद काय? 'फॉर्म', 'फॉर्म्स' नाही. म्हणजे एक राष्ट्र असल्याचं ठासून सांगणारा माणूस ते अनेकवचनी क्रियापदाने सांगतोय, आणि त्यात त्याला काही विसंगती दिसत नाही.

आता दुसरं टोक. युद्ध संपल्यावर 'आर' गेलं का? अजिबात नाही. २००८ मध्ये मायनर मायर्स या कायद्याच्या अभ्यासकाने सुप्रीम कोर्टाचे निकाल चाळून वचनांचा हिशोब मांडला. युद्धानंतरही कित्येक दशकं न्यायमूर्ती अनेकवचन वापरतच होते. एकवचनाची सरशी झाली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे जुनं आणि नवं व्हर्जन जवळजवळ एक पिढी शेजारीशेजारी चालू होतं. आपल्याकडे प्रॉडक्शनमध्ये होतं तसंच.

माझं सगळ्यात आवडतं वर्ष मात्र १९०९. त्या साली दोन माजी सैनिकांनी या प्रश्नावर छापील मत दिलं. पहिले बेसिल गिल्डरस्लीव्ह, ग्रीकचे नामांकित प्राध्यापक, दक्षिणेच्या बाजूने लढलेले आणि १८६४ मध्ये जखमी झालेले. त्यांचं म्हणणं, युद्धाच्या मुळाशी व्याकरणाचाच मुद्दा होता: एक बाजू म्हणे 'आर', दुसरी म्हणे 'इज'. दुसरे अँब्रोज बिअर्स, लेखक, उत्तरेच्या बाजूने लढलेले, तेही १८६४ मध्येच डोक्याला गोळी लागून जखमी झालेले. उत्तर जिंकली, तेव्हा हे 'इज'वाले असतील ना? छे! बिअर्स यांनी आपल्या भाषाशुद्धीच्या पुस्तकात बजावलं की 'स्टेट्स' अनेकवचनी आहे, तेव्हा 'आर'च बरोबर, व्याकरणाचा राजकारणाशी काही संबंध नाही. युनियनसाठी गोळी खाल्लेला माणूस पंचेचाळीस वर्षांनंतरही अनेकवचनावर ठाम!

आता गिल्डरस्लीव्ह यांच्या वाक्याकडे परत बघा. चटकदार आहे, पण त्यात एक शब्द गायब आहे. गुलामगिरी. १८६० च्या जनगणनेत त्या देशात जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम म्हणून नोंदलेली होती, आणि दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली ती ही व्यवस्था टिकवण्यासाठी. युद्धात सहा लाखांहून जास्त माणसं मेली, ती 'इज' आणि 'आर'साठी नव्हे. हरलेल्या बाजूच्या माणसाला भांडण व्याकरणाचं होतं असं म्हणणं किती सोयीचं! आणि गंमत बघा, गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती, १८६५ ची, तिच्यात युनायटेड स्टेट्ससाठी सर्वनाम कोणतं आहे? 'देअर'. लाखो माणसांना मोकळं करणारं वाक्य अनेकवचनीच आहे. 'इज'ची वाट बघत ते थांबलं नाही.

मला वाटतं, मुद्दा इथे आहे. क्रियापद इतिहास घडवत नाही, ते त्याच्या मागून, रमतगमत येतं. आधी माणसं ठरवतात, मग सवयी बदलतात, शेवटी व्याकरण. आपल्या मराठीत तर अजूनही 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' हे अनेकवचनच आहे. रोजच्या बोलण्यात आपण नुसतं 'अमेरिका' म्हणतो, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही इतकंच.

आणि जाता जाता एक आपल्याकडची गोष्ट. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की मसुद्यात 'फेडरेशन' न म्हणता 'युनियन' हा शब्द मुद्दाम घेतला आहे. राज्यांना फुटून निघायचा अधिकार नाही हे ठरवायला अमेरिकनांना यादवी युद्ध करावं लागलं, आपण ते सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं, असा त्यांचा युक्तिवाद होता. अमेरिकेने जो प्रश्न मोघम ठेवला आणि मग रणांगणावर सोडवला, तो बाबासाहेबांनी एक नाम नीट निवडून कागदावरच मिटवला. क्रियापदावर सोडला नाही.

असो. स्कोअर बघा आता, इंडिया आर की इज, जिंकल्याशी मतलब :)