झोपेची गोळी आणि नागिणीची आग

नागिणीचे फोड सुकतात, खपल्याही पडतात. पण काही जणांची, विशेषतः वयस्कर मंडळींची, त्या जागेची आग महिनोन् महिने जात नाही. अंगावरचा कपडासुद्धा सोसत नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मग घरचे म्हणतात, "डॉक्टर, निदान झोपेची गोळी तरी द्या." पण झोपेच्या गोळीने नसेचे दुखणे कमी होते का? हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता.

१९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम ही शामक औषधे बाजारात आली. अल्प्राझोलाम, लोराझेपाम ही त्याच कुळातली. त्याच सुमारास नैराश्यासाठी अमिट्रिप्टिलिन आले. १९८२ साली कॅनडात पीटर वॉटसन आणि सहकाऱ्यांनी ते नागिणीनंतरच्या वेदनेच्या २४ रुग्णांना देऊन पाहिले. १६ जणांना चांगला आराम पडला. पण अमिट्रिप्टिलिननेही गुंगी येते. मग आराम पडला तो औषधाने, की नुसत्या झोपेने?

१९८८ साली अमेरिकेत मिचेल मॅक्स यांच्या गटाने याचा छडा लावला. अमिट्रिप्टिलिन, लोराझेपाम आणि औषधच नसलेली गोळी यांची तुलना केली. कोणाला काय मिळते आहे, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते. अमिट्रिप्टिलिनने शंभरातल्या सुमारे ४७ जणांना बरा आराम पडला, औषधाविना गोळीने १६ जणांना आणि लोराझेपामने १५ जणांना. म्हणजे नुसती गुंगी उपयोगाची नव्हती.

असे का? वेदनेचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. तो वाटेतच दाबण्याची शरीराची स्वतःची यंत्रणा असते. अमिट्रिप्टिलिन तिला बळ देते. लोराझेपाम प्रामुख्याने मेंदूला सुस्त करते. नसेची तक्रार तशीच राहते.

तुमच्यासाठी यातून तीन गोष्टी:

१. डॉक्टरांना "झोप येत नाही" एवढेच सांगू नका. दुखण्याने येत नाही, हे आवर्जून सांगा. त्यावर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन अशी इतर औषधेही आहेत.

२. अमिट्रिप्टिलिन मनाने घेऊ नका. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते धोक्याचे ठरू शकते.

३. झोपेची गोळी बरेच दिवस चालू असेल तर हा लेख वाचून ती एकदम बंद करू नका. फिटही येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची असते.