मोरी ते शॉवर : न दिसणाऱ्या थराची गोष्ट

मागच्या वेळी आपण चुलीबद्दल बोललो. आज तिच्या शेजारणीबद्दल, म्हणजे मोरीबद्दल बोलू.

निमित्त आमच्याच गटात घडलं. आमच्यापैकी एकीने दोन वर्षांपूर्वी बाथरूमला छतापर्यंत टाइल्स बसवून घेतल्या आणि शॉवर लावला. भिशीचे पैसे सगळे त्यात गेले. पावसाळा यायच्या आतच पलीकडच्या खोलीतली भिंत फुगायला लागली. रंगाचे पापुद्रे सुटले, कपाटामागे बुरशी धरली, त्या भिंतीला लागून झोपणाऱ्या सासूबाईंचा खोकला हटेना. मिस्त्री म्हणाला, “ताई, टाइल एकही तडकलेली नाही, पाणी येईल कुठून?” आणि खरंच, एकही तडकलेली नव्हती. मग पाणी आलं कुठून? या एका प्रश्नाचा माग काढत आम्ही थेट मोहेंजोदडोपर्यंत जाऊन पोहोचलो.

सिंधू नदीकाठच्या त्या शहरात साडेचार हजार वर्षांपूर्वी एक मोठं स्नानकुंड बांधलं गेलं. १९२०च्या दशकातल्या उत्खननात ते सापडलं. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल. आतल्या विटा इतक्या जवळजवळ बसवल्या आहेत की सांधा जेमतेम दिसतो. पण तिथल्या कारागिरांनी त्या देखण्या विटांवर भरवसा टाकला नाही. विटांच्या भिंतीमागे त्यांनी डांबराचा थर दिला आणि त्यामागे पुन्हा विटांचं बांधकाम केलं. पाणी अडवणारा थर मधे, कोणाला न दिसणारा. वरची वीट अंगाला लागायला आणि डोळ्यांना दिसायला. आजच्या आपल्या गोष्टीचं सगळं सार या एका भिंतीत आहे.

आपल्याकडच्या वाड्यांत, गडांवरच्या टाक्यांत आणि हौदांत हे काम चुन्याने केलं. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची आणि बैलाने ओढायच्या दगडी चाकाच्या घाणीत वाळूबरोबर मळायची. अशा घाणींचे गोल चर आजही कितीतरी गडांवर दिसतात. जिथे पाणी लागणार तिथे चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड घालत. सुरखीमुळे चुना ओलाव्यातही घट्ट होतो. कुठे गुळाचं पाणी, कुठे हिरडा, कुठे बेलफळाचा गर मिसळत. गच्चीवर चुन्याचा कोबा घातला की बायका ओळीने बसून लाकडी थापीने तो दिवसच्या दिवस ठोकत, मधली पोकळी निघून जाईपर्यंत. घर कोणी बांधलं ते आपल्याला ठाऊक असतं, कोबा कोणी ठोकला ते कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि मोरी? साध्या घरात ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असायची. खाली शहाबादी फरशी, कडेला वीतभर कट्टा, पाणी जायला एक भोक. ही फरशी येते कर्नाटकातल्या शहाबादहून, तिथल्या खाणींमुळेच तिला हे नाव पडलं. बंबातलं पाणी घंगाळात काढायचं, पाटावर बसायचं आणि तांब्याने अंगावर घ्यायचं. नीट पाहिलं तर या आंघोळीत भिंत फारशी भिजतच नाही. पाणी खांद्यावरून खाली येतं आणि उतारावरून निघून जातं. शिंतोडे उडतात ते हात-दीड हात उंचीपर्यंत. तेवढ्यापुरती एखादी शहाबादी उभी करून भिंतीला चिकटवली की काम भागायचं. मातीच्या भिंतींची घरं या पद्धतीत पिढ्यानपिढ्या टिकली, कारण माणूस बसून आंघोळ करत होता.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. पाठोपाठ १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीवाटीच्या, कोंदट, ओल धरलेल्या वस्त्यांकडे सरकारचं लक्ष गेलं. पुढे १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास सामायिक, पण मोरी घरातच. भांडी, धुणं, आंघोळ, बाळंतिणीचं न्हाणं, सगळं त्या कोपऱ्यात. आता एक नवी गोष्ट झाली होती : मोरीच्या खाली जमीन नव्हती, दुसऱ्या कोणाचं तरी छत होतं. वरच्या मजल्यावरची मोरी गळली की खालच्या घरातल्या अंथरुणावर थेंब पडणार. ‘तुमचं पाणी आमच्याकडे येतंय’ हे भांडण इथून सुरू झालं. ते बहुतेक वेळा दोन बायकांनाच भांडावं लागलं, कारण दिवसभर घरात त्याच होत्या.

तोवर सिमेंट आलं होतं. १८२४ साली इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं गेलं, आणि १९१४ पासून आपल्याकडे पोरबंदरला त्याचं उत्पादन सुरू झालं. चुन्याला आठवडे लागत, सिमेंट रात्रीत आवळायचं. घाणी गेली, घाई आली.

आमच्या गटात एक आजी आहेत. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्या मुंबईला गेल्या आणि बरीच वर्षं इमारतींच्या कामावर बिगारी म्हणून राबल्या. त्यांना आम्ही विचारलं, तेव्हा बाथरूम कसं करायचे? त्या म्हणाल्या, “विटांचे तुकडे रात्रभर भिजवायचे. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते. मग घमेल्याने वर न्यायचे, कारागीर ते उभे बसवायचा, फटी मालाने भरायचा, वरून सिमेंट घोटायचा. झालं की भोक बुजवून पाणी भरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी मुकादम आम्हाला खालच्या खोलीत पाठवायचा, छताकडे बघायला. डाग दिसला की सगळं पुन्हा.” टाइल त्यानंतर.

मग इमारतींवर टाक्या आल्या, पंप आले, नळाला जोर आला आणि आंघोळ उभी राहिली. शॉवरचं पाणी भिंतीवर माणसाच्या डोक्याच्याही वरून पडू लागलं. बादलीच्या काळात कोरडी राहणारी भिंत आता घरातली सगळ्यात ओली भिंत झाली. गुजरातेत मोरबीला टाइल्सचे कारखाने वाढले, टाइल आवाक्यात आली आणि ओल्या भिंतीवर ती चढली. गुळगुळीत, चकचकीत. आपल्याला वाटलं, आता पाणी आत जायचं नाव नको.

पण टाइल पाणी अडवते, टाइलांमधला सांधा अडवत नाही. साध्या सिमेंटने भरलेला सांधा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा पाणी शोषतो. टाइलमागे माल ठिगळाठिगळाने लावला असेल तर मधल्या पोकळीत ते पाणी साठतं. तिथून गिलाव्यात, गिलाव्यातून विटेत, विटेतून पलीकडे. जाताना ते क्षार घेऊन जातं आणि तेच क्षार रंग ढकलून पापुद्रे काढतात. आमच्या मैत्रिणीच्या भिंतीत हेच झालं होतं. टाइल फोडल्यावर मागे नुसता गिलावा निघाला. मोहेंजोदडोच्या भिंतीतला मधला थर तिथे नव्हताच.

यावेळी तिने काम समोर उभं राहून करून घेतलं. आधी नळांची दाब देऊन तपासणी. मग भिंतीतल्या खाचा बुजवल्या, गिलावा नीट वाळू दिला, भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा मालाने गोलसर केला. कोपऱ्यांत आणि नळांभोवती जाळीची पट्टी. त्यावर सिमेंटमध्ये पॉलिमर मिसळलेल्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात. पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, म्हणजे सुटलेली जागा झाकली जाते. शॉवरच्या भिंतीला शॉवरच्याही वरपर्यंत, बाकीच्या भिंतींना निदान फूटभर. मग दोन दिवस पाणी भरून ठेवलं. या पाण्याने जमीन आणि कोपरे तपासले जातात, उभी भिंत नाही. म्हणून भिंतीचा प्रत्येक हात टाइल लागण्याआधी तिने स्वतः पाहिला आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवले.

नवा फ्लॅट घेतलेल्या मैत्रिणींनी एक लक्षात ठेवा. २०१६च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी करा, तारीख घाला, पोच घ्या.

पाणी भरलेलं असताना दुसऱ्या दिवशी आजी आमच्या मैत्रिणीच्या घरी गेल्या. खालच्या बिऱ्हाडाची परवानगी घेऊन त्यांच्या बाथरूममध्ये उभ्या राहिल्या आणि बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “लाव आता टाइल.”

मैत्रिणींनो, टाइलचा रंग निवडायला आपल्याला सगळे बोलावतात. त्याआधीचा थर बघायला कोणी बोलावत नाही. तिथे आपण न बोलावता जायचं.