वाघळांमुळे लेप्टो होतो का?

सावंतवाडी तालुक्यात काजू, चिकू पिकले की रात्री वाघळे बागेत उतरतात. वाघळांच्या मूत्रात लेप्टोचे जिवाणू सापडल्याच्या नोंदी काही देशांत आहेत. त्यामुळे उष्टे फळ खाऊ नये, मेलेले वाघूळ उघड्या हाताने उचलू नये.

पण आपल्याकडे लेप्टो होतो तो मुख्यतः उंदीर, घुशी आणि गुरांच्या मूत्राने खराब झालेल्या चिखल-पाण्यातून. वाघळे मारून तो थांबायचा नाही. लावणीला गमबूट घाला, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका.

लागण झाल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांत ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. अंगावर काढू नका. आरोग्य केंद्रात जा आणि शेतात चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळेत औषध मिळाले तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर किडनीवर बेतते.