बेचाळीस शिलिंगांचा मागोवा

कामगाराला मजुरी किती द्यायची, या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकात जवळपास ठरलेले होते: बाजारात माणूस जेवढ्याला मिळेल तेवढी. कारखान्याच्या फाटकाशी कामाच्या आशेने दहाजण उभे असले की मजुरी खाली यायची. त्या मजुरीत घर चालते की नाही, हे पाहणे मालकाचेही काम नव्हते आणि सरकारचेही. ८ नोव्हेंबर १९०७ रोजी मेलबर्नमधल्या एका न्यायाधीशांनी हा हिशेब उलट्या बाजूने मांडला. आधी घर चालायला काय लागते ते पाहू, मग मजुरी ठरवू, असे म्हणत त्यांनी अकुशल मजुरासाठी दिवसाला ७ शिलिंग, म्हणजे आठवड्याला ४२ शिलिंग, असा आकडा ठरवला. न्यायाधीशांचे नाव हेन्री बोर्न्स हिगिन्स. न्यायासनावर येऊन त्यांना जेमतेम एक वर्ष झाले होते. त्याआधी ते ऑस्ट्रेलियाच्या पहिल्यावहिल्या संघीय संसदेत खासदार होते आणि काही महिने ॲटर्नी जनरलही. निर्वाह वेतनाच्या कल्पनेचे मूळ शोधत गेले की वाट त्यांच्या राजकीय कारकिर्दीतून जाते आणि पुढे आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत येते.

हिगिन्स यांचा जन्म १८५१चा, उत्तर आयर्लंडमधल्या न्यूटाउनार्ड्स गावचा. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. १८७०मध्ये कुटुंब मेलबर्नला आले. बोलताना अडखळण्याचा त्रास असलेल्या या तरुणाने कायद्याचे शिक्षण घेतले, १८७६मध्ये वकिली सुरू केली आणि काही वर्षांतच त्यांचे नाव व्हिक्टोरिया वसाहतीतल्या मोठ्या वकिलांत घेतले जाऊ लागले. लोकांना न रुचणारी बाजू घ्यायला ते कधी कचरले नाहीत. आयर्लंडला स्वराज्य मिळावे, असे ते ब्रिटिशधार्जिण्या मेलबर्नमध्ये उघडपणे म्हणत.

१८९०मध्ये ऑस्ट्रेलियात जहाज कामगारांचा मोठा संप झाला. गोदी कामगार, खाण कामगार, मेंढ्यांची लोकर कातरणारे असे सगळे त्यात ओढले गेले आणि संप मोडला. पाठोपाठ १८९३मध्ये मेलबर्नच्या बँका कोसळल्या, बेकारी वाढली. या दोन आघातांतून दोन धडे निघाले. कामगार संघटनांनी ओळखले की आपली माणसे कायदेमंडळात हवीत. मजूर पक्षाची उभारणी तिथून झाली. हिगिन्स यांच्यासारख्या उदारमतवाद्यांना वाटले की संप आणि टाळेबंदी या एक प्रकारच्या लढायाच आहेत, आणि लढाईच्या जागी न्यायालय आणता आले पाहिजे. १८९४मध्ये ते जिलाँगमधून व्हिक्टोरियाच्या विधानसभेत निवडून आले. १८९६मध्ये तिथे वेतन मंडळांचा कायदा झाला. मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून किमान दर ठरवायचे, अशी ती व्यवस्था. घरी बसून कवडीमोल दराने कपडे शिवणाऱ्या बायकांची पिळवणूक हे त्यामागचे मोठे कारण होते.

पुढचा टप्पा घटना परिषदेचा. ऑस्ट्रेलियातल्या सहा वसाहतींचे संघराज्य करण्यासाठी १८९७-९८मध्ये परिषद भरली आणि हिगिन्स तिचे सदस्य होते. एकापेक्षा जास्त राज्यांत पसरणाऱ्या औद्योगिक तंट्यांत समेट आणि लवाद यांचा अधिकार संघाला असावा, असे कलम त्यांनी मांडले. पहिल्या वेळी ते फेटाळले गेले. जानेवारी १८९८मध्ये त्यांनी ते पुन्हा आणले आणि २२ विरुद्ध १९ मतांनी ते मंजूर झाले. दोन जणांचा विचार बदलला असता तर पुढचे काहीच घडले नसते. ज्या घटनेत आपले कलम घातले, त्याच घटनेच्या विरोधात हिगिन्स यांनी नंतर प्रचार केला. छोट्या आणि मोठ्या राज्यांना सेनेटमध्ये सारख्या जागा देणे लोकशाहीला धरून नाही आणि ही घटना बदलणे फार अवघड होईल, असे त्यांचे म्हणणे होते. जनमताने घटना स्वीकारली. १९००मध्ये बोअर युद्धाला विरोध केल्यामुळे जिलाँगच्या मतदारांनी त्यांना घरी बसवले.

पण १९०१मध्ये ते नॉर्दर्न मेलबर्नमधून संघीय संसदेत पोहोचले. त्या संसदेची पहिली काही वर्षे लवादाच्या विधेयकाने गाजली. एप्रिल १९०४मध्ये पंतप्रधान डीकिन यांचे सरकार पडले ते या विधेयकावर. राज्यांचे रेल्वे कर्मचारी त्यात असावेत की नसावेत, हा वाद होता. त्यानंतर ख्रिस वॉटसन यांचे मजूर पक्षाचे सरकार आले. देशपातळीवर मजूर पक्षाचे सरकार येण्याची ही जगातली पहिली वेळ. पक्षात ॲटर्नी जनरल होण्याजोगा अनुभवी वकील नव्हता, म्हणून वॉटसन यांनी पक्षाबाहेरच्या हिगिन्स यांना बोलावले. चार महिनेही न टिकलेले हे सरकार ऑगस्टमध्ये पडले, तेही याच विधेयकावर. अखेर डिसेंबर १९०४मध्ये तिसऱ्याच सरकारच्या काळात कायदा झाला. १९०६मध्ये हिगिन्स उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९०७मध्ये लवाद न्यायालयाचे अध्यक्ष. ज्या न्यायालयासाठी ते दहा वर्षे भांडले, ते आता त्यांच्या हाती होते.

त्याच सुमारास डीकिन यांनी एक नवे धोरण आणले. परदेशी शेतीयंत्रांवर जकात बसवून देशी कारखानदारांना संरक्षण द्यायचे, पण त्या संरक्षणाचा वाटा कामगारापर्यंत पोहोचलाच पाहिजे. म्हणून १९०६च्या कायद्याने देशी यंत्रांवरही उत्पादन शुल्क लावले. कापणीयंत्रामागे ते ६ पौंड होते. जो कारखानदार न्याय्य आणि वाजवी वेतन देतो, त्याला ते माफ. न्याय्य आणि वाजवी म्हणजे किती, हे मात्र संसदेने लिहिले नाही. ते न्यायालयावर सोडले. ह्यू व्हिक्टर मॅके हे कापणी, मळणी आणि उफणणी एकाच फेरीत करणाऱ्या ‘सनशाइन’ यंत्राचे कारखानदार. त्यांनी माफीचा अर्ज केला आणि तो हिगिन्स यांच्यापुढे आला.

ऑक्टोबर १९०७मधली ती सुनावणी वाचण्यासारखी आहे. मॅके यांचे अकुशल मजूर दिवसाला ६ शिलिंगांवर, म्हणजे आठवड्याला ३६ शिलिंगांवर, होते. हिगिन्स यांनी कारखान्याच्या नफ्याचा प्रश्न बाजूला ठेवला आणि कामगारांच्या घरांत डोकावले. संसार चालवणाऱ्या बायकांच्या खर्चाच्या याद्या न्यायालयापुढे आल्या. नवरा, बायको आणि तीन मुले अशा पाचजणांच्या घराला ७ शिलिंग भाडे धरून किराणा, पाव, मांस, दूध, भाजी आणि जळण यांवर आठवड्याला सुमारे १ पौंड १२ शिलिंग ५ पेन्स लागत होते, म्हणजे साडेबत्तीस शिलिंगांच्या आसपास. छत्तीस शिलिंगांत हे बसते, असे कोणी म्हणू शकले असते. हिगिन्स तिथे थांबले नाहीत. या हिशेबात काय काय आलेले नाही, ते त्यांनी निकालात एकामागोमाग एक नोंदवले: कपडे, बूट, घरातले सामान, भांडी, विम्याचा हप्ता, बचत, काम सुटल्यावरचे दिवस, संघटनेची वर्गणी, पुस्तके आणि वर्तमानपत्र, ट्रामचे भाडे, शिलाई मशीन, मुलांच्या शाळेचे साहित्य, करमणूक, सुट्टी, तंबाखू, आजारपण, मरण, धर्म आणि दान. मजुराला पेपर वाचावासा वाटेल, मुलांना फिरायला न्यावेसे वाटेल, देवळात चार पैसे टाकावेसे वाटतील, हे एका न्यायाधीशाने सरकारी कागदावर गरज म्हणून लिहिले. सुसंस्कृत समाजात राहणारा माणूस म्हणून सर्वसाधारण कामगाराच्या ज्या रोजच्या गरजा असतात, त्या भागतील ते वेतन वाजवी, ही त्यांची कसोटी. मेलबर्नमधल्या सार्वजनिक संस्था मजुरांना ७ शिलिंग रोज देतच होत्या. हिगिन्स यांनी तो आकडा घेतला आणि मॅके यांचा अर्ज फेटाळला.

जून १९०८मध्ये उच्च न्यायालयाने तो शुल्काचा कायदाच तीन विरुद्ध दोन मतांनी घटनाबाह्य ठरवला. अल्पमतातल्या दोघांत एक हिगिन्स होते. निकालाचा पायाच गेला, पण कसोटी टिकली, कारण लवाद न्यायालयात हिगिन्स यांनी प्रत्येक तंट्यात तीच लावली. १९०९मध्ये ब्रोकन हिलच्या खाणमालकांनी वेतन कमी करायचे ठरवले, तेव्हा त्यांनी सांगितले की माणसांना अर्धपोटी ठेवूनच खाण चालणार असेल, तर ती बंद झालेली बरी. पुढे बेचाळीस शिलिंगांचा हा आकडा किमतींच्या निर्देशांकाशी जोडला गेला आणि महागाईबरोबर हलू लागला. ‘बेसिक वेज’ या नावाने तो ऑस्ट्रेलियाच्या वेतनव्यवस्थेचा कणा झाला आणि १९६७पर्यंत राहिला.

हिगिन्स यांची शेवटची वर्षे कष्टाची गेली. एकुलता एक मुलगा मर्व्हिन डिसेंबर १९१६मध्ये इजिप्तच्या आघाडीवर मारला गेला. १९२०मध्ये पंतप्रधान ह्यूज यांनी लवाद न्यायालयाला वळसा घालणारी वेगळी न्यायाधिकरणे नेमण्याचा कायदा केला, तेव्हा हिगिन्स यांनी लवादाचे अध्यक्षपद सोडले. उच्च न्यायालयात ते १९२९मध्ये मृत्यू येईपर्यंत होते.

या थोर निकालाची दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. १९०२मध्ये मताधिकाराचे विधेयक संसदेत आले, तेव्हा आदिवासींना मत नाकारण्याची दुरुस्ती मांडणारे खासदार हिगिन्सच होते. त्या कायद्याने गोऱ्या स्त्रियांना मत दिले; मूळ रहिवाशांना आणि आशियातून आलेल्यांना वगळले. बेचाळीस शिलिंगांतही कमावणारा पुरुष आणि त्याच्यावर अवलंबून असलेले घर हे गृहीत होते. १९१२मध्ये मिल्ड्युराच्या फळबागांच्या प्रकरणात हिगिन्स यांनी फळे तोडणाऱ्या बायकांना पुरुषांइतका दर दिला, कारण तिथे त्या पुरुषांच्या जागी घेतल्या गेल्या असत्या. पण फळे भरण्याच्या कामाला बायकांचे काम मानून कमी दर ठेवला. नंतर कित्येक वर्षे बाईचे मूळ वेतन पुरुषाच्या निम्म्याहून थोडे जास्त एवढेच राहिले. समान वेतनाचे निर्णय १९६९ आणि १९७२मध्ये आले, स्त्रियांना सारखे किमान वेतन १९७४मध्ये. नॉर्दर्न टेरिटरीतल्या गुराखी आदिवासींना वेतनकरारात समान जागा देण्याचा निर्णय १९६६चा, आणि त्याची अंमलबजावणी १९६८च्या अखेरीपासून. ज्याने ‘माणूस’ ही कसोटी लावली, त्याच्याच हिशेबात सगळी माणसे नव्हती.

आपल्याकडे हा धागा स्वातंत्र्यानंतर ठळकपणे दिसतो. किमान वेतनाचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य म्हणून एप्रिल १९४६मध्ये मांडले होते. ते १९४८मध्ये कायदा झाले. त्याच वर्षी नेमलेल्या वाजवी वेतन समितीने निर्वाह वेतनाची व्याख्या शोधताना हिगिन्स यांची व्याख्या सर्वांत बोलकी मानली. १९५८मध्ये ‘एक्स्प्रेस न्यूजपेपर्स’ खटल्यात पत्रकारांच्या वेतनाचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने तोच उतारा घेतला. त्याआधी क्राउन ॲल्युमिनियमच्या खटल्यात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निक्षून सांगितले होते की, किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला जगण्याचा हक्क नाही. ब्रोकन हिलचे तत्त्व ते हेच. १९५७च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची यादीच केली: प्रौढ माणसामागे रोज अन्नाच्या २,७०० कॅलरी, चार जणांच्या घराला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, जळण आणि दिवाबत्ती. मेलबर्नच्या यादीतल्या शाळा, आजारपण, करमणूक, आणि शिवाय म्हातारपण, या गोष्टी तिच्यात नावानिशी यायला १९९१ उजाडावे लागले. रेप्टाकोस ब्रेटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांसाठी एकूण किमान वेतनाचा २५ टक्के हिस्सा धरायला सांगितला.

निर्वाह वेतन हे उद्दिष्ट म्हणून आपल्या राज्यघटनेच्या ४३व्या अनुच्छेदात आहे, आणि तिथे नुसत्या पोटाचा नाही, तर फुरसतीचा आणि सांस्कृतिक संधींचाही उल्लेख आहे. प्रत्यक्षात ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको आजही ‘एक कोयता’ म्हणून मोजले जातात, बाईच्या कष्टाला वेगळा आकडा नसतो. म्हणून या मागोव्याचा निष्कर्ष मला असा दिसतो: हिगिन्स यांची कसोटी बरोबर होती, तिच्या कक्षेत कोण येतो ही मोजणी चुकीची होती, आणि गेल्या शंभर वर्षांचा सगळा लढा ती मोजणी दुरुस्त करण्याचा आहे. तो आपल्या दाराशीही चालू आहे. घरकामाची बाई असो, सोसायटीचा वॉचमन असो की शेतावरचा सालगडी, पुढच्या वेळी पगार ठरवताना चालू दर काय आहे ते विचारण्याआधी त्यांच्या घराचा महिन्याचा खर्च विचारा.